जपानी आगगाडीची छबी

१८५४ साली अमेरिकेचा कमोडोर पेरी आपली काळी जहाजे घेऊन दुसऱ्यांदा जपानच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा शोगुनच्या सरकारला द्यायच्या नजराण्यांत त्याने एक आगगाडी आणली होती. खेळण्यापेक्षा मोठी, पण खऱ्या गाडीच्या चौथ्या हिश्शाची. योकोहामाला गोल रूळ मांडले, इंजिन पेटवले आणि गाडी फिरू लागली. डब्यात माणूस मावणे शक्यच नव्हते. म्हणून एक जपानी अधिकारी चक्क डब्याच्या टपावर बसला आणि झग्याचे घोळ वाऱ्यावर फडफडवीत वर्तुळात फिरत राहिला.

मौज अशी की, त्याच आरमाराबरोबर एलिफॅलेट ब्राउन नावाचा छायाचित्रकारही आला होता. म्हणजे गाडी आणि कॅमेरा एकाच ताफ्यातून आले. पण टपावरच्या त्या गृहस्थाची छबी काही आपल्या वाट्याला आली नाही. त्या काळी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर छबी उमटवायची, तर समोरच्याने निश्चल बसावे लागे. फिरती गाडी तीत कशी सापडावी? शिवाय ब्राउनच्या बहुतेक छब्या पुढे १८५६ साली अमेरिकेत छापखान्याला लागलेल्या आगीत गेल्या. त्या गाडीचे दर्शन आज घडते ते चित्रकारांच्या कुंचल्यातून.

त्या टपावरच्या अधिकाऱ्याला आपण हसू नये. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे जेमतेम एक वर्ष आधी. जपानची खरी गाडी शिंबाशीहून योकोहामाला निघायला १४ ऑक्टोबर १८७२ उजाडले. आपण एकोणीस वर्षांनी थोरले! मात्र रुळांचा धनी कोण, असे विचारले की थोरलेपणाचा तोरा उतरतो. आपली गाडी विलायती कंपनीची होती. जपान्यांनी लंडनच्या बाजारात कर्ज काढले, इंग्रज इंजिनिअर चाकरीला ठेवले. पण गाडी ठेवली स्वतःच्या सरकारची.

या पहिल्या मार्गासाठी ताकानावा येथे लष्करी खात्याने जमीन देण्यास नकार दिला. तेव्हा सुमारे २.७ किलोमीटर लांबीचा बांध समुद्रातच घालून त्यावरून रूळ नेले. दोन्ही बाजूंना पाणी, मधून धूर सोडीत चाललेली गाडी, अशी रंगीत ठशांची चित्रे तेव्हा हौसेने विकली जात. पुढे समुद्र बुजला, बांधही गाडला गेला. २०१९ साली शिनागावा स्थानकाजवळच्या बांधकामात त्याचे दगड पुन्हा वर आले.

आता दोन श्रीमंत छांदिष्टांची गोष्ट. इवासाकी तेरुया हा मित्सुबिशीवाल्या घराण्यातला मुलगा. वातानाबे शिरो हा त्याचा मित्र. श्रीमंतांच्या मुलांना घोड्यांचा, बाजांचा नाद लागतो. यांना लागला आगगाडीचा. दोघांनी ओगावा काझुमासा या नामांकित छायाचित्रकाराच्या स्टुडिओतली माणसे देशभर पाठवली. साधारण १९०२ ते १९०७ या काळात या माणसांनी जड कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या वागवीत गाड्या, स्थानके, पूल आणि इंजिने टिपली. होक्काइडोत अमेरिकन इंजिने, क्यूशूत जर्मन, मधल्या मोठ्या बेटावर बहुतांशी इंग्रजी. ज्या देशाचा इंजिनिअर, त्या देशाचे इंजिन, असा तो संसार होता.

आणि वेळ कशी साधली पाहा. १९०६ साली कायदा झाला, आणि दोन वर्षांच्या आत सतरा खाजगी कंपन्या सरकारने विकत घेतल्या. १९०९ मध्ये साऱ्या इंजिनांना नवे क्रमांक मिळाले. जुनी नावे, जुने रंग, जुना थाट गेला. सरकारी दप्तरात कंपन्यांची किंमत नोंदलेली असेल. पण त्या दिसत कशा होत्या, हे ठेवले या दोघांनी. वर्गात सनावळ्या घोकवून घेणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला या नादिष्टांचा हेवा वाटतो.

पुढे दिवस फिरले. किल्ले आणि आरमारी तळांच्या आसपास चित्र काढू नये, असा कायदा १८९९ पासून होताच. १९३७ मध्ये लष्करी गुपितांचा कायदा अधिक कडक झाला. रुळाकाठी कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस हेर ठरू लागला. कुरे येथे आरमाराची गोदी होती. तिथून जाताना समुद्राकडच्या खिडक्या उतारूंना बंद कराव्या लागत.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात मात्सुशिगे योशितो या वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराजवळ कॅमेरा होता. त्या दिवसाची त्याची पाच छायाचित्रे उरली आहेत. गावात हिंडताना त्याला एक जळून गेलेली ट्राम लागली. आत डोकावला, तर उतारू एकमेकांवर कोसळून मेलेले. त्याने शटरवर बोट ठेवले, आणि ते दाबवले नाही. हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. जपानी ट्रामच्या साऱ्या छायाचित्रांत हे न काढलेले छायाचित्र मला सर्वांत स्पष्ट दिसते. त्याने ते काढायला हवे होते, असे म्हणणारेही असतील. मी म्हणणार नाही. ९ ऑगस्टला, अवघ्या तीन दिवसांनी, त्याच शहरात एका लहानशा टप्प्यावर ट्राम पुन्हा धावली. पुरुष लढाईवर गेल्यामुळे तिथे शाळकरी वयाच्या मुली ट्राम चालवायला शिकल्या होत्या.

युद्धानंतर कॅमेरा स्वस्त झाला, आणि हौस सामान्य माणसाच्या हाती आली. १९५६ साली जपानात आलेल्या वॉली हिगिन्स या अमेरिकनाने तर रंगीत फिल्म महाग असतानाच ट्रामगाड्या रंगांत टिपल्या. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री निघून गेली. टोकियोच्या बहुतेक ट्राम १९६७ ते १९७२ या काळात उठल्या. सिग्नलच्या केबिनींचे तेच. एकेरी मार्गावर ड्रायव्हर धातूची चकती कातडी पिशवीतून घेई-देई, जसा आपल्याकडे गोळा. १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झालेल्या शिनकानसेनला रुळाकाठचा सिग्नलच नको होता. इशारा थेट ड्रायव्हरसमोर दिसे.

वाफेची इंजिने निघणार असे ठरल्यावर डोंगरांच्या वळणांवर तिकाट्यांच्या रांगा लागल्या. १४ डिसेंबर १९७५ रोजी सी-५७ जातीच्या १३५ क्रमांकाच्या इंजिनाने मुरोरानहून इवामिझावापर्यंत शेवटची उतारू गाडी ओढली. दहा दिवसांनी डी-५१ जातीच्या २४१ व्या इंजिनाने शेवटची मालगाडी नेली. पहिले आज साइतामाच्या रेल्वे संग्रहालयात आहे. इवासाकी आणि वातानाबे यांची छायाचित्रेही तिथेच. दुसरे १९७६ च्या एप्रिलमध्ये ओइवाकेच्या शेडला आग लागली, तेव्हा जागच्या जागी जळाले.