सेकंड-हँड पिकअपची स्पेसर लिफ्ट कशी काढायची? ओळखण्यापासून अलाइनमेंटपर्यंत सगळं एकाच ठिकाणी

सेकंड-हँड पिकअप बघायला गेलात आणि गाडी नेहमीपेक्षा उंच दिसली, तर खूश होण्याआधी जरा खाली वाकून बघा. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या पिकअप आधीच्या मालकाने बऱ्याचदा 'लिफ्ट' करून घेतलेल्या असतात. त्यातला स्वस्त आणि झटपट प्रकार म्हणजे स्पेसर लिफ्ट. फोटोत गाडी भारी दिसते. पण रोज चालवायला लागल्यावर धक्के, पुढून येणारा खटखट आवाज आणि एका बाजूने झिजणारे टायर यांनी डोकं उठतं.

मग आपण ठरवतो, काढून टाकू या. स्पेसर काढणं फार अवघड नाही, पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, चुकीचा नट उघडला तर दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. दोन, स्पेसर निघाला म्हणजे गाडी मूळ स्थितीत आली असं होत नाही. त्यानंतरची कामं तितकीच महत्त्वाची आहेत.

स्पेसर लिफ्ट म्हणजे नेमकं काय?

व्ही-क्रॉस आणि हायलक्समध्ये पुढे डबल विशबोन सस्पेन्शन असतं. म्हणजे वरचा आर्म, खालचा आर्म आणि मध्ये उभा शॉकअप, ज्याच्याभोवती स्प्रिंग बसवलेली असते. या सगळ्या जोडणीला स्ट्रट म्हणतात. मागे मात्र लीफ स्प्रिंग, म्हणजे आपले पाटे असतात.

स्पेसर लिफ्टमध्ये स्प्रिंग किंवा शॉकअप बदलत नाहीत. फक्त मध्ये तुकडा घालून गाडी वर ढकलतात. त्याचे तीन प्रकार दिसतात:

• वरचा स्पेसर: स्ट्रटचं डोकं आणि चॅसी यांच्यामध्ये लोखंडी, अ‍ॅल्युमिनियमची किंवा कडक प्लास्टिकची चकती.
• आतला स्पेसर: स्ट्रट उघडून स्प्रिंगच्या वर घातलेली कडी. यामुळे स्प्रिंग आधीपेक्षा जास्त दाबलेली राहते.
• मागचा ब्लॉक: पाटा आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठेवलेला ठोकळा. सोबत लांब यू-बोल्ट.

इथे एक हिशेब समजून घ्या. पुढचा स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, तर चाक आर्मच्या टोकाला असतं. त्यामुळे २५ मिमीच्या वरच्या स्पेसरने गाडी जवळजवळ ५० मिमी उचलली जाते. मागे असं होत नाही. ५० मिमीचा ब्लॉक काढला की गाडी ५० मिमीच खाली येते.

काही पिकअपमध्ये मागे कंपनीनेच छोटा ब्लॉक दिलेला असतो. तो काढायचा नाही. तसंच काही जुन्या पिकअपमध्ये पुढे स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार असतो. तिथे स्पेसर नसतो, अ‍ॅडजस्टर बोल्ट फिरवून गाडी उचललेली असते.

लिफ्ट आहे की नाही, कसं ओळखाल?

गाडी सपाट जागेवर उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या, चारही चाकांचं. मग तेच मॉडेल, तोच व्हेरियंट असलेल्या दुसऱ्या मूळ स्थितीतल्या गाडीचं माप घेऊन तुलना करा.

मग फोनचा टॉर्च लावून चाकाच्या आत बघा. स्ट्रटच्या डोक्यावर रंगीत किंवा काळी जाड चकती आणि एकाऐवजी दोन थरांत नट दिसले, तर तो वरचा स्पेसर. मागे पाट्याखाली ठोकळा आणि खाली बरेच बाहेर आलेले यू-बोल्ट दिसले, तर ब्लॉक. पुढची उंची वाढलेली आहे पण चकती दिसत नाही, तर आतला स्पेसर किंवा बदललेली स्प्रिंग असू शकते.

काढायची गरज का पडते?

शॉकअपची लांबी तीच राहते आणि स्ट्रट मात्र खाली सरकतो. त्यामुळे खड्ड्यात चाक खाली लोंबकळतं तेव्हा आर्म मूळ मर्यादेपेक्षा जास्त खाली जातो. बॉल जॉइंट ताणले जातात. फोर बाय फोर गाडीत पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याचं रबरी बूट फाटायची शक्यता वाढते. बूट फाटलं की ग्रीस बाहेर, धूळ-पाणी आत, आणि थोड्या दिवसांत जॉइंट खलास.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) मध्ये बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बदल आधीच्या मालकाने केला असला, तरी आता मालक तुम्ही आहात. अपघातानंतर विमा कंपनीही यावरून प्रश्न उभे करू शकते.

पाना हातात घेण्याआधी

१. टायर बघा. लिफ्टसोबत मोठे टायर घातले असतील तर गाडी खाली आल्यावर ते पूर्ण स्टिअरिंग वळवताना मडगार्डला किंवा बंपरला घासतील. मूळ साइज गाडीवरच्या स्टिकरवर असते.

२. मागचे शॉकअप बघा. लांब शॉकअप घातले असतील तर ब्लॉक निघाल्यावर खड्ड्यात ते आधीच पूर्ण दाबले जाऊन आतून तुटू शकतात. मूळ लांबीचे लागतील.

३. मागचे नवीन, मूळ लांबीचे यू-बोल्ट आणि नट आधीच आणून ठेवा. जुने लांब यू-बोल्ट परत वापरू नका. ते ताणलेले असतात आणि त्यांचे आटे हव्या त्या जागी येतही नाहीत.

४. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. कुठला बोल्ट कुठून निघाला, वायर कशी गेली होती, हे जोडताना हमखास विसरायला होतं.

५. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

पुढचा स्पेसर काढणे

१. सपाट, पक्की जमीन हवी. मागच्या चाकांना अडण लावा, हँडब्रेक ओढा. गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट थोडे सैल करा.

२. जॅकने उचला आणि चॅसीखाली दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावा. फक्त जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. चाकं काढा.

३. दोन्ही बाजूंची अँटी-रोल बारची लिंक सोडा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर क्लिपमधून मोकळी करा. या दोन्हींवर ताण येता कामा नये.

४. खालच्या आर्मला दुसऱ्या जॅकचा आधार द्या. स्ट्रटचा खालचा बोल्ट काढा. मग वरचे कडेचे नट काढा, बहुतेक वेळा ते तीन असतात.

५. सावधान: स्ट्रटच्या डोक्यावर मधोमध असलेला नट अजिबात उघडू नका. दाबलेली स्प्रिंग त्याच एका नटाने धरून ठेवलेली असते. तो निघाला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते.

६. आर्म हळूहळू खाली करून स्ट्रट बाहेर घ्या. काही गाड्यांत जागा व्हावी म्हणून वरचा बॉल जॉइंट सोडावा लागतो. स्पेसर वेगळा करा.

७. स्ट्रटचे मूळ स्टड तपासा. काही किट बसवताना ते कापलेले असतात. कापलेले असतील तर नवीन टॉप माउंट लागतं, आणि त्यासाठी स्प्रिंग दाबावी लागते.

८. स्ट्रट मूळ जागी बसवा. वरचे नट घट्ट करा, पण बुशमधून जाणारे बोल्ट सध्या हातानेच बसवा.

स्प्रिंग दाबायची वेळ आली, म्हणजे आतला स्पेसर असेल किंवा टॉप माउंट बदलायचं असेल, तर ते घरी करायचं काम नाही. चांगला प्रेस असलेल्या गॅरेजमध्ये स्ट्रट घेऊन जा.

मागचा ब्लॉक काढणे

पुढच्या चाकांना अडण लावा. चॅसी जॅक स्टँडवर आणि अ‍ॅक्सल जॅकवर घ्या. शॉकअपचं खालचं टोक सोडा. एका वेळी एकाच बाजूचे यू-बोल्ट काढा, नाहीतर अ‍ॅक्सल जागेवरून सरकेल किंवा फिरेल. थोडी जागा करून ब्लॉक बाहेर घ्या. आता पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या भोकात नीट बसलं पाहिजे. ते बसलं नाही तर गाडी तिरकी चालेल. नवीन यू-बोल्ट आलटून-पालटून, कोपऱ्याला कोपरा असे थोडे थोडे आवळा.

इथे एक गोष्ट बऱ्याचदा राहून जाते. काही पिकअपमध्ये चॅसी आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये एक दांडा असतो. त्यावरून ब्रेकच्या व्हॉल्व्हला मागे किती वजन आहे ते कळतं. लिफ्ट करताना त्याला जोडपट्टी लावलेली असेल तर तीही काढा. नाहीतर रिकामी गाडीही भरलेली आहे असं समजून मागे जास्त ब्रेक लागतील आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक होतील. ब्रेक होजच्या आणि प्रॉपेलर शाफ्टच्या सेंटर बेअरिंगच्या जोडपट्ट्याही मूळ स्थितीत आणा.

शेवटची कामं

बुश: गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे हलवून बसू द्या आणि मगच बुशमधले बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. आर्म लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या.

अलाइनमेंट: उंची बदलली की टो, कॅम्बर आणि कॅस्टर तिन्ही बदलतात. गाडी सरळ जातेय असं वाटलं तरी अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर वाया जातील.

हेडलाइट: लिफ्टनंतर लाइट खाली वळवलेले असतील तर आता ते पुरेसं लांब दाखवणार नाहीत. भिंतीसमोर उभं राहून सेट करा.

पुन्हा तपासणी: साधारण १०० किमी चालल्यावर यू-बोल्ट आणि चाकांचे नट परत टॉर्कने तपासा. नवे यू-बोल्ट सुरुवातीला थोडे सैल होतात.

नेहमीचे प्रश्न

फक्त पुढचा काढला आणि मागचा ठेवला तर?
गाडी नाकावर झुकते आणि कॅस्टर कमी होतो. वेगात स्टिअरिंग हलकं, अस्थिर वाटू शकतं. किट दोन्हीकडे असेल तर दोन्हीकडचं काढा.

काढल्यावरही खटखट येतेय?
लिफ्टमुळे बॉल जॉइंट, बुश किंवा शॉकअप आधीच गेलेले असू शकतात. स्पेसर काढून ती झीज भरून येत नाही. म्हणूनच गाडी घेण्याआधी हे भाग तपासा आणि खर्च धरूनच भाव करा.