सुरक्षित दूरस्थ संगणक-प्रवेशाची साधने आणि मुक्तस्रोत परंपरा : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१. प्रस्तावना

दूर असलेल्या व्यक्तीचा शब्द खरा मानावा की नाही, हा प्रश्न संगणकापेक्षा फार जुना आहे. मराठेशाहीतील पत्रांवर आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटविले जाई. मुद्रेवरून पत्र कोणाचे ते कळे. मजकूर येथे संपला, पुढे कोणी ओळ वाढविलेली नाही, याची हमी मोर्तब देई. 'शिक्कामोर्तब' हा शब्द मराठीत आजही याच अर्थाने रूढ आहे. एका गावी बसून दुसऱ्या गावच्या संगणकावर काम करताना हेच दोन प्रश्न नव्याने उभे राहतात : समोरचा खरोखर तोच आहे काय, आणि वाटेत कोणी फेरफार केला नाही ना? त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडते : वाटेत कोणी वाचले तर नाही ना?

या तीन प्रश्नांना आधुनिक संगणकशास्त्राने दिलेल्या उत्तरांपैकी सर्वाधिक प्रचलित उत्तर म्हणजे 'सिक्युअर शेल' अर्थात एसएसएच ही प्रणाली होय. तिचा इतिहास हा तंत्राइतकाच विश्वासाच्या कल्पनेचा इतिहास आहे. ज्ञानकेंद्रांपासून दूर असलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने या इतिहासाला विशेष महत्त्व आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

सुरक्षित दूरस्थ प्रवेशाच्या साधनांचा ऐतिहासिक विकास पाहणे, त्यात मुक्तस्रोत समुदायाचे योगदान तपासणे आणि ही साधने शिकण्याच्या प्रक्रियेचा धाराशिव जिल्ह्याच्या शैक्षणिक परिस्थितीशी असलेला संबंध स्पष्ट करणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व विवेचनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

३. विश्वासाचे तीन टप्पे

पहिला टप्पा तारेवरील विश्वासाचा होता. १९६९ मध्ये अर्पानेटच्या आरंभकाळात टेलनेटची कल्पना मांडली गेली आणि १९८३ मध्ये तिचे प्रमाणित रूप सिद्ध झाले. टेलनेटद्वारे वापरकर्ता दूरच्या यंत्रावर काम करू शके; परंतु त्याचे नाव, पासवर्ड व प्रत्येक अक्षर उघड्या स्वरूपात प्रवास करी. जाळ्यावर मोजकी विद्यापीठे व संशोधनसंस्था होत्या आणि सारे एकमेकांना ओळखत होते, तोवर हे खपून गेले.

दुसरा टप्पा शेजाऱ्यावरील विश्वासाचा. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये १९८३ च्या सुमारास 'आरलॉगिन' ही सोय आली. तीत विशिष्ट यंत्रांची नावे विश्वासू म्हणून नोंदविली की तेथून येणाऱ्यास पासवर्ड विचारला जात नसे. मात्र यंत्राचा पत्ता खोटा भासविणे कठीण नव्हते. त्यामुळे एक घर फुटले की सारी आळी फुटत असे.

तिसरा टप्पा किल्लीवरील विश्वासाचा होय. त्याची सैद्धांतिक पायाभरणी १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी केली. सर्वांच्या देखत बोलूनही दोन व्यक्तींना एक सामायिक गुपित तयार करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमिर व ॲडलमन यांनी सार्वजनिक व खासगी किल्ल्यांची आरएसए पद्धती शोधली. ब्रिटनच्या गुप्तलेखन विभागातील एलिस, कॉक्स व विल्यमसन हे याच विचारांपर्यंत त्याआधीच पोहोचले होते; पण त्यांचे काम १९९७ पर्यंत गुप्त ठेवण्यात आले आणि जगाला त्याचा उपयोग झाला नाही. ज्ञान दडविल्याने कोणाचे नुकसान होते, याचा हा बोलका दाखला आहे.

१९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरणारी आज्ञावली बसविल्याचे उघडकीस आले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली आणि जुलै १९९५ मध्ये ती मूळ संहितेसह मोफत उपलब्ध केली. वर्षअखेरीस सुमारे पन्नास देशांत तिचे वीस हजार वापरकर्ते झाले होते. या प्रणालीत किल्लीची ओळख वापरल्यास खासगी किल्ली वापरकर्त्याच्या यंत्रावरच राहते. ती आपल्याजवळ आहे एवढेच गणिती पुराव्याने सिद्ध केले जाते. गुपित न पाठविता गुपिताची साक्ष पाठविणे, हे या टप्प्याचे वैशिष्ट्य होय.

४. मुक्तस्रोत समुदायाचे योगदान

युलोनेन यांनी डिसेंबर १९९५ मध्ये कंपनी स्थापन केली आणि पुढील आवृत्त्यांचे परवाने क्रमाने कडक होत गेले. १९९९ मध्ये ब्यर्न ग्रॉनवॉल यांनी मुक्त परवान्याची १.२.१२ ही जुनी आवृत्ती घेऊन तिच्यावर पुन्हा काम सुरू केले. ओपनबीएसडी प्रकल्पातील कार्यकर्त्यांनी ते पुढे नेले आणि १ डिसेंबर १९९९ रोजी ओपनबीएसडी २.६ सोबत 'ओपनएसएसएच' प्रसिद्ध झाले. विंडोजवरून असा प्रवेश करणाऱ्यांसाठी सायमन टॅथम यांची 'पुटी' ही आज्ञावलीही त्याच काळात पुढे आली. २००६ मध्ये एसएसएचचे नियम इंटरनेटच्या खुल्या प्रमाणकांत समाविष्ट झाले.

या घडामोडींत भूगोलालाही महत्त्व होते. त्या काळी अमेरिकेतून प्रबळ गुप्तलेखन निर्यात करण्यावर निर्बंध होते आणि ते जानेवारी २००० मध्ये लक्षणीय शिथिल झाले. एसएसएच फिनलंडमध्ये जन्मले, तर ओपनबीएसडीचे केंद्र कॅनडात होते. त्यामुळे भारतातील विद्यार्थ्यास तीच संहिता मिळाली, जी युरोपातील विद्यापीठाला मिळाली. दुय्यम प्रतीची निर्यात-आवृत्ती त्याच्या वाट्याला आली नाही.

५. भारतीय संदर्भ

भारतात १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साह्याने 'अर्नेट' हे शैक्षणिक जाळे सुरू केले. त्यात मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा आणि आयआयटी मुंबईचा सहभाग होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आरंभी ही सेवा मोजक्या महानगरांपुरती होती. तीत स्वस्त 'शेल खाते' असे. ग्राहक दूरध्वनीवरून निगमच्या युनिक्स यंत्रात शिरे आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करी. म्हणजे भारतातील पहिल्या इंटरनेट ग्राहकांपैकी अनेकांची सुरुवात दूरस्थ प्रवेशानेच झाली. ते त्याला त्या नावाने ओळखत नव्हते, एवढेच.

१९९६ मध्ये 'पीसीक्वेस्ट' मासिकाने अंकासोबत लिनक्सची तबकडी वाटली. मुंबई, पुणे आदी शहरांत लिनक्स वापरकर्त्यांचे गट उभे राहिले. जुलै २००१ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील नागार्जुन जी. यांनी तिचे नेतृत्व केले. या गटांतील शिक्षण गुरुकुलासारखे असे : जाणता नवशिक्याजवळ बसून यंत्र उघडून दाखवी.

कायदा मात्र मागे होता. इंटरनेट सेवा परवान्याच्या अटींनुसार पूर्वपरवानगीशिवाय चाळीस बिटांपर्यंतच्याच किल्लीला मुभा होती. एसएसएचच्या किल्ल्या याहून कितीतरी मोठ्या असत. २००८ मध्ये दुरुस्त झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८४-अ ने गुप्तलेखनाच्या पद्धती ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्यानुसार सप्टेंबर २०१५ मध्ये आलेला धोरणाचा मसुदा टीकेनंतर मागे घेण्यात आला.

६. धाराशिव जिल्हा : दुहेरी अंतर

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद, नामांतर २०२३) हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. येथील मराठी विद्यार्थ्यास उच्च शिक्षण भौगोलिकदृष्ट्या दूर आणि भाषेच्या दृष्टीने परके, असे दोन्ही प्रकारे अंतरावर होते. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ औरंगाबाद येथे स्थापन झाले. तेही सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. २००४ मध्ये उस्मानाबादेत विद्यापीठाचे उपकेंद्र सुरू झाले, तेव्हा हे अंतर काहीसे घटले. २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत या जिल्ह्याचा समावेश झाला.

संगणक जाळ्याने पहिल्या अंतरावर मोठी मात केली. २००९ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्याअंतर्गत महाविद्यालयांना भारत संचार निगमच्या ५१२ केबीपीएसच्या व्हीपीएन जोडण्या देण्याची योजना होती. २०१० पासून 'एन-लिस्ट' उपक्रमामुळे लहान महाविद्यालयातील प्राध्यापकही घरून हजारो नियतकालिके वाचू शकला. आयआयटी मुंबईने तर लहानशी तापकपट्टी, पंखा व तापमापक असलेले उपकरण इंटरनेटला जोडले आणि नियंत्रणशास्त्राचा खराखुरा प्रयोग दूरच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आणला. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसविलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकावर काम करण्याचा मार्गही एसएसएचचाच आहे. परवानगी असलेला रसायनशास्त्राचा संशोधक उमरग्याहून वा परंड्याहून त्यावर गणना चालवू शकतो. फक्त त्याला ती वाट चालता आली पाहिजे.

येथेच दुसरे अंतर आडवे येते. एसएसएचची सूचनापुस्तिका इंग्रजीत असते, आज्ञा इंग्रजीत, त्रुटीसंदेशही इंग्रजीत. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक साक्षरता तालुक्याच्या गावी नेली, हे मोठेच कार्य होय. परंतु त्याचा भर विंडोज व कार्यालयीन कामावर राहिला. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने ही उणीव काही अंशी भरून काढली. लिनक्सच्या मूलभूत आज्ञा, फायलींचे अधिकार व प्रणाली-व्यवस्थापन यांवरील त्याचे लघुपाठ मराठी निवेदनातही उपलब्ध आहेत. विद्यार्थ्याने पाठ थांबवत थांबवत शेजारी स्वतः कृती करावी, अशी त्यांची रचना आहे.

७. शिकण्याची प्रक्रिया

ही साधने शिकताना विद्यार्थी प्रत्यक्षात तीन सवयी आत्मसात करतो. पहिली, ओळख पटविण्याची. नव्या यंत्राशी प्रथम संपर्क होताच एसएसएच त्या यंत्राच्या किल्लीचा ठसा दाखवून 'पुढे जावे काय' असे विचारते. बहुतेक नवशिके न वाचता होकार देतात. तो ठसा व्यवस्थापकाकडून आधीच मागवून ताडून पाहणे, म्हणजे पत्रावरील मुद्रा पारखणे होय. दुसरी सवय जपणुकीची. खासगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येत असेल तर ओपनएसएसएच ती वापरण्यास नकार देते. त्यामुळे फायलींच्या अधिकारांचा धडा येथे केवळ परीक्षेपुरता राहत नाही. तिसरी सवय मोजकेपणाची : ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच प्रवेश, आणि काम संपताच किल्ली रद्द.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात या सवयींचा थेट उपयोग आहे. न्यूझीलंडमध्ये २००० साली वापरात आलेली 'कोहा' ही मुक्तस्रोत ग्रंथालय प्रणाली लिनक्सवर चालते आणि तिची देखभाल सामान्यतः एसएसएचद्वारे होते. ती सांभाळणारा माणूस महाविद्यालयात नसेल, तर मूळ पासवर्ड बाहेरच्या तंत्रज्ञाकडे राहतो. ग्रंथ, वाचक व व्यवहार यांच्या नोंदींची किल्ली संस्थेबाहेर जाते आणि संस्था आपल्याच घरात पाहुणी ठरते. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, घरबसल्या काम अनिवार्य झाले, तेव्हा हे परावलंबन अधिकच जाणवण्यासारखे होते.

अज्ञानाचा फटका सामान्य नागरिकासही बसतो. दूरस्थ प्रवेशाचे ॲप मोबाइलवर घ्यावयास लावून खात्यातील रक्कम लुबाडण्याच्या प्रकारांबाबत भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये इशारा दिला होता. अशा फसवणुकीत गुप्तलेखन मोडले जात नाही. मालक स्वतःच दार उघडतो.

८. खुलेपणाच्या मर्यादा

मुक्तस्रोत असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. २००६ मध्ये डेबियन प्रणालीत केलेल्या एका बदलामुळे तीवर निर्माण होणाऱ्या एसएसएच किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याइतक्या मोजक्या झाल्या. मे २००८ पर्यंत हा दोष कोणाच्या लक्षात आला नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या साह्यक आज्ञावलीत एसएसएचला बगल देणारे चोरदार आढळले. ते पेरणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक सहकाऱ्याचे सोंग घेऊन विश्वास संपादन केला होता. एसएसएच प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पिच्छा पुरविला, म्हणून ते उघडे पडले. संहिता खुली असल्याने तपास शक्य झाला. पण तो झाला तो एका जिज्ञासू वापरकर्त्यामुळे. खुलेपणा ही संधी आहे, तिचे संरक्षणात रूपांतर करणारा घटक म्हणजे शिकलेला माणूस.

९. निष्कर्ष

१) दूरस्थ प्रवेशाचा इतिहास तार, शेजारी व किल्ली अशा विश्वासाच्या तीन टप्प्यांतून घडला आहे.

२) तिसरा टप्पा जगभर पोहोचला, तो मुख्यतः मुक्तस्रोत समुदायामुळे, त्याने मराठवाड्यातील विद्यार्थ्यास जगाच्या बरोबरीचे साधन दिले.

३) धाराशिवसारख्या जिल्ह्यात जोडणी आधी आली आणि तिचे ज्ञान मागे राहिले. या दरीचे प्रमुख कारण भाषा हे आहे.

४) संगणकशास्त्र विभागाने मराठी पाठांच्या साह्याने किल्लीनिर्मिती, ठसा-पडताळणी व अधिकार-व्यवस्था यांचे प्रात्यक्षिक सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना व कर्मचाऱ्यांना दिल्यास ही दरी अल्प खर्चात बुजविता येईल, कारण त्यासाठी लागणारी सर्व साधने विनामूल्य आहेत.

जुन्या काळी शिक्का कारभाऱ्याच्या स्वाधीन करताना राज्यकर्ता शंभरदा विचार करी. आजच्या महाविद्यालयाची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा विचारही तितक्याच गांभीर्याने होणे अगत्याचे आहे.