फोन ठेवायचा कुठे?

शाळेच्या वेळात मुलांच्या मोबाइलवर बंदी असावी की नसावी, यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या महिन्यात चांगलीच जुंपली. आजोबा मंडळी एका बाजूला, मुलांना रोज शाळेत पोचवणाऱ्या आया दुसऱ्या बाजूला. न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहणारी माझी भाची मधेच म्हणाली, "मावशी, आमच्याकडे आता कायदाच झालाय, पण हे सगळं इथे एकदा होऊन गेलंय म्हणतात." एवढं वाक्य मला पुरलं. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला आहे. 'होऊन गेलंय' म्हटलं की कधी, कसं आणि का, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. मग वाचत सुटले. त्यातून जे हाती लागलं ते आज लिहिते आहे. मंडळींनी चहा घेऊन बसावं, कारण लेख जरा लांबणार आहे.

आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत कुणी वाट बघत बसायला नको. पहिली घंटा ते शेवटची घंटा फोन मुलाच्या हातात नसावा, असंच मला वाटतं. पण न्यूयॉर्कची हकीकत वाचल्यापासून या मतामागे एक प्रश्न येऊन उभा राहिला आहे आणि तो मला सोडत नाही. मुलाच्या हातातला फोन मग ठेवायचा कुठे, आणि ठेवणार कोण?

शाळा आणि जप्ती हे नातं तसं जुनं आहे. आमच्या वेळी कसोटी सामन्याच्या दिवसांत दप्तरातून ट्रान्झिस्टर निघायचे. मागच्या बाकावरचा एखादा कानाला हात लावून फार विचारात पडलेला दिसला की समजावं, गावसकर खेळतो आहे. ट्रान्झिस्टर जप्त होऊन शिक्षकखोलीत जायचा आणि तिथे तो बंद राहायचा असं काही मी म्हणणार नाही! पुढे खेळाची घड्याळं आली, कॅल्क्युलेटर आले. पण या वस्तू पोराबरोबर संध्याकाळी घरी गेल्या काय, न गेल्या काय, घरच्यांचं त्यावाचून अडत नव्हतं. फोनचं तसं नाही. त्याच्या दुसऱ्या टोकाला आई असते.

आता न्यूयॉर्क. हातात धरून बोलायच्या मोबाइलवरून पहिला फोन लागला तो याच शहरात, मॅनहॅटनच्या सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवर. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी तो केला. पण शाळांना भीती वाटली ती आधी पेजरची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या शहरांत अमली पदार्थांचा सुळसुळाट होता आणि कमरेला पेजर लावलेला पोरगा म्हणजे त्या धंद्यातला, असा समज पक्का होता. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांनी पेजर आणि तत्सम संपर्काची साधनं आणायला मनाई केली. मेरीलँड राज्याने पुढच्याच वर्षी तसा कायदा केला. म्हणजे बघा, मुलांचं लक्ष अभ्यासावरून उडतं हे कारण तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. भीती गुन्हेगारीची होती.

मग दोन घटनांनी वारं फिरवलं. एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कुलात गोळीबार झाला. आणि ११ सप्टेंबर २००१ ला तर जुळे मनोरे कोसळले ते न्यूयॉर्कच्या नामांकित स्टायव्हसंट हायस्कूलपासून चार पावलांवर. मुलं तिथून चालत उत्तरेकडे निघाली. आपलं मूल कुठे आहे हे कळायचा मार्ग नाही, अशी ती दुपार ज्या आईबापांनी काढली त्यांना पुढे कुणी फोनचे तोटे सांगायला गेलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं का? कालपर्यंत गुन्हेगाराची मानली गेलेली वस्तू आता सुरक्षिततेची झाली. अनेक राज्यांनी जुने कायदे सैल केले. मुलांच्या दप्तरात फोन आले ते आईबापांनीच घातले म्हणून आले, हे आपण फार लवकर विसरतो.

न्यूयॉर्क शहर मात्र उलट्या दिशेने गेलं. मायकेल ब्लूमबर्ग महापौर होते, शाळांचा कारभार त्यांनी स्वतःच्या हाती घेतला होता आणि जोएल क्लाइन हे शाळांचे प्रमुख. २००५ मध्ये नियमात मोबाइलचं नाव स्पष्ट घातलं गेलं. शाळेत फोन 'वापरायचा' नाही एवढंच नव्हे, 'आणायचाच' नाही. तरी बहुतेक शाळांत मुख्याध्यापक डोळेझाक करत. दिसला तर घेतील, नाही दिसला तर सुखी राहा. २००६ च्या एप्रिलात शहराने फिरती तपासणी यंत्रं काढली. आज या शाळेच्या दारात, उद्या त्या. शोधायची होती शस्त्रं, सापडले फोन, आणि तेही ढिगाने!

आई-वडील कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमची मुलं तास-तासभर सबवेने आणि बसने एकटी प्रवास करतात, त्या वाटेवर फोन हवा, आणि शाळेच्या दारात तो ठेवायची सोय तुम्ही देत नाही. २००७ मध्ये ते हरले, २००८ मध्ये अपिलातही हरले. न्यायालयाचं एक म्हणणं मला मास्तरीण म्हणून पटलं. नुसती 'वापरायला बंदी' घातली तर ती राबवायचं काम शिक्षकाच्या गळ्यात पडतं. तो शिकवणार कधी आणि फोन पकडणार कधी? वर्गात ज्याने हे केलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. दरम्यान नगर परिषदेने मुलांना जाता-येता फोन जवळ बाळगू द्यावा असा ठराव केला, ब्लूमबर्गनी तो नाकारला, परिषदेने त्यांचा नकार ओलांडून तो मंजूर केला. उपयोग? शून्य. वाटेवर फोन चालेल, पण शाळेच्या आत न्यायचा नाही. मग दारात पोचलेल्या मुलाने त्या फोनचं करायचं काय?

आणि इथून ती गोष्ट सुरू होते जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

ज्या शाळांच्या दारात कायमची मेटल डिटेक्टर यंत्रं होती, तिथे फोन लपवणं शक्यच नव्हतं. मग शाळेसमोरच्या किराणा दुकानदारांनी डोकं चालवलं. फोन ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा, दिवसाला एक डॉलर. त्यांच्या पाठोपाठ खास या कामासाठी रंगवलेल्या गाड्या आल्या. सकाळी शाळेच्या कोपऱ्यावर गाडी उभी राहायची. पोरांनी रांग लावायची, खिडकीतून फोन द्यायचा, बिल्ला घ्यायचा आणि पळत वर्गात जायचं. आपल्याकडे देवळाबाहेर चपला ठेवतात ना, अगदी तस्संच! दिवसाला डॉलर म्हणजे शाळेचे १८० दिवस धरले तर वर्षाला १८० डॉलर. घरात तीन मुलं असतील तर ५४० डॉलर. २०१२ मध्ये तिथल्या एका वृत्तपत्राने हिशेब मांडला तेव्हा या धंद्याचा आकडा वर्षाला बेचाळीस लाख डॉलरपर्यंत गेला होता. त्याच वर्षी जूनमध्ये ब्राँक्समध्ये अशीच एक गाडी दिवसाढवळ्या लुटली गेली आणि दोनेकशे मुलांचे फोन गेले.

आता ही यंत्रं कुठल्या शाळांत होती? शहरातल्या बहुसंख्य शाळांत नव्हतीच. होती ती ज्या शाळा धोक्याच्या मानल्या गेल्या तिथे, आणि तिथे शिकायला येणारी मुलं बहुतेक गरीब घरची, काळी आणि लॅटिनो. बाकीच्या शाळांत 'विचारू नका, सांगू नका' असा कारभार चालू होता. दप्तराच्या तळाशी फोन, सगळ्यांना माहीत, कुणी बोलत नाही. नियम अख्ख्या शहराला एकच होता, पण त्याचा डॉलर भरत होती ती ठरावीक मुलं. सकाळच्या जेवणाच्या पैशातून डॉलर देणाऱ्या पोराला त्या नियमातून कोणती शिस्त लागली असेल, हे मला सांगता येणार नाही.

बिल द ब्लासिओ महापौर झाले. त्यांचा मुलगा ब्रुकलिनच्या सरकारी हायस्कुलात होता आणि तो फोन नेतो हे त्यांनी लपवलं नाही. महापौराचा मुलगा नेतो आणि ब्राँक्सचा मुलगा डॉलर भरतो, हे फार काळ चालण्यासारखं नव्हतंच. ७ जानेवारी २०१५ रोजी त्यांनी बंदी उठवत असल्याचं जाहीर केलं आणि २ मार्चपासून ती उठली. पुढचे नियम ज्या त्या शाळेने ठरवायचे होते. गाड्या गेल्या.

पण फोनही तोपर्यंत तो राहिला नव्हता. २००५ चा फोन बोलायचा आणि चार अक्षरं पाठवायचा. २०१५ च्या फोनमध्ये चित्रपटगृह, जुगाराचा अड्डा, चावडी आणि आरसा हे सगळं एका काचेत मावलं होतं. त्यातच २०२० ला करोना आला आणि जगभर शाळाच फोनमध्ये शिरली. दोन वर्षं 'फोन घे आणि अभ्यासाला बस' असं आपणच ओरडलो आणि मग एका सकाळी म्हणालो, 'ठेव तो फोन'. पोरं गोंधळणार नाहीत तर काय?

या काळात अभ्यासही बरेच झाले. इंग्लंडमधल्या चार शहरांच्या शाळांवरचा २०१५ चा अभ्यास सांगतो की बंदीनंतर गुण वाढले, आणि वाढले ते मुख्यतः मागे पडलेल्या मुलांचे. हुशार मुलांना फरक पडला नाही. स्वीडनमध्ये नंतर तोच प्रयोग पडताळून पाहिला तर काहीच फरक दिसला नाही. २०२५ मध्ये इंग्लंडच्याच तीस शाळांच्या अभ्यासात असं निघालं की बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक नाही, कारण शाळेत वाचलेला वेळ मुलं घरी भरून काढतात. थोडक्यात, हवं ते मत घेऊन या, त्याला एक अभ्यास मिळेल. माझं मत या आकड्यांवर उभं नाही. वर्गात गोष्ट रंगात आलेली असताना एखाद्याच्या बाकाखाली उजेड पडतो, त्याच्या शेजाऱ्याची मान वळते, मग मागच्याची, आणि तुटलेला धागा पुन्हा जोडायला पाच मिनिटं जातात. ती पाच मिनिटं मी माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मोजलेली आहेत.

तर बंदी परत आली. या खेपेला शहराने नव्हे, न्यूयॉर्क राज्याने आणली. गव्हर्नर कॅथी होकल यांनी २०२५ च्या अर्थसंकल्पातच ती घातली आणि सप्टेंबर २०२५ पासून ती लागू झाली. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत, मधल्या सुट्टीसकट. हा कायदा मी जरा बारकाईने वाचला आणि मला त्यात जुन्या गाड्यांच्या चाकोऱ्या दिसल्या. फोन ठेवायची व्यवस्था शाळेने करायची, त्यासाठी राज्याने १ कोटी ३५ लाख डॉलर दिले. आईवडिलांना मुलाशी संपर्क साधायचा मार्ग शाळेने द्यायचा. इंटरनेट नसलेला साधा फोन या बंदीत येत नाही. केवळ फोन वापरला म्हणून मुलाला शाळेतून निलंबित करायचं नाही. आणि शाळांनी दरवर्षी हिशेब मांडायचा, की कारवाई ठरावीक मुलांवरच जास्त होत नाही ना. यातलं एकेक कलम २००६ ला असतं तर! पण तेव्हा बंदी म्हणजे दारावरची पाटी, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

फ्रान्सनेही हाच रस्ता तुडवला. २०१० मध्ये तासाला बंदी, २०१८ मध्ये शाळेच्या पूर्ण वेळात, आणि तरी फोन खिशातच राहतात असं दिसल्यावर २०२४ मध्ये काही शाळांत ते सकाळीच जमा करून घ्यायचा प्रयोग. फिरून गाडी त्याच स्थानकावर!

आपल्याकडे ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला पहिला मोबाइल फोन केला आणि चौदा वर्षांत, २००९ मध्ये, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचं शाळांत मोबाइल नको म्हणून परिपत्रकही निघालं. परिपत्रक काढायला काही पडत नाही. अलीकडे, २०२५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात म्हटलं की शाळेत फोन आणायलाच सरसकट बंदी नको. वर्गात वापर नको, आणि जिथे शक्य असेल तिथे मुलांनी तो शाळेत जमा करावा. 'जिथे शक्य असेल तिथे' या चार शब्दांपाशी मी थांबले. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, एक लोखंडी कपाट, त्यात हजेरीपट, खडू आणि शालेय पोषण आहाराच्या वह्या. किल्ली कुणाकडे? मुलीचा फोन जमा केला आणि संध्याकाळी तो सापडला नाही, तर आईच्या चार महिन्यांच्या बचतीची भरपाई कोण करणार? शिक्षिका? आणि घरून तातडीचा निरोप आला तर शाळेचा फोन उचलणार कोण? बऱ्याच शाळांतला लँडलाइन केव्हाच निघाला, आता निरोप येतो तो मुख्याध्यापकांच्या स्वतःच्या मोबाइलवर.

गटावरच्या आजोबा मंडळींना मी हेच विचारलं. कपाटाचा खर्च कुणाचा? अजून उत्तर आलेलं नाही. भाचीच्या मुलाच्या शाळेत म्हणे प्रत्येकाला कापडी पिशवी मिळाली आहे, फोन घालून तिला कुलूप लागतं, पिशवी मुलाजवळच राहते. ती उघडायच्या युक्त्या मुलांनी पहिल्या आठवड्यातच शोधल्या असंही तिने कळवलं आहे!

असो. २००६ ते २०१५ या काळात न्यूयॉर्कच्या सरकारी शाळेत शिकलेलं कुणी आपल्या गोतावळ्यात असेल, तर त्या गाड्यांच्या रांगेत ते उभे राहिले होते का, पावसात काय करायचे, डॉलर नसला तर काय व्हायचं, हे मला जरूर लिहा. आणि आपल्याकडे कुठल्या शाळेने फोन सांभाळायची नीट सोय केली असेल तर तीही कळवा. कपाटाचं माप आणि किंमत लिहिलीत तर फारच बरं.