निळ्या डोळ्यांच्या पाहुण्या

१९२७ सालच्या जानेवारी महिन्यात अमेरिकेहून निघालेले एक जहाज जपानच्या योकोहामा बंदराला लागले. त्या जहाजातून काही आगळ्या पाहुण्या उतरल्या. त्यांना चालता येत नव्हते, तरी प्रत्येकीजवळ स्वतःच्या नावाचे पारपत्र होते, प्रवासाचे तिकीट होते आणि अमेरिकन मुलांनी लिहिलेले एक पत्र होते. त्या बाहुल्या होत्या. पाठोपाठ आणखी जहाजे आली आणि त्यांची संख्या १२,७३९ वर गेली. अमेरिकेतील शाळकरी मुलांनी जपानमधील शाळकरी मुलांना पाठविलेली ही मैत्रीची भेट होती.

या भेटीमागे एक कटू पार्श्वभूमी होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कॅलिफोर्नियात, शेती आणि मोलमजुरीसाठी आलेल्या जपानी लोकांविषयी स्थानिकांच्या मनात अढी निर्माण झाली होती. तिची परिणती १९२४ च्या कायद्यात झाली. त्या कायद्याने जपानी लोकांना अमेरिकेत स्थायिक होण्यास जवळजवळ पूर्ण बंदी केली. जपानमध्ये हा राष्ट्राचा अपमान मानला गेला आणि दोन्ही देशांतील संबंध झपाट्याने बिघडू लागले.

सिडनी ल्युईस ग्युलिक या प्रॉटेस्टंट मिशनऱ्याला ही गोष्ट अतिशय लागली. १८८८ पासून पाव शतक त्याने जपानमध्ये काढले होते. तेथील भाषा आणि माणसे त्याला परकी उरली नव्हती. मायदेशी परतल्यावर जपानी लोकांना न्यायाने वागवावे म्हणून त्याने लेख लिहिले, व्याख्याने दिली, राज्यकर्त्यांच्या भेटी घेतल्या. तरीही कायदा झालाच. मोठ्यांची मने वळत नाहीत, तर ज्यांच्या मनात द्वेषाने अजून घर केलेले नाही त्यांच्यापासून आरंभ करावा, असे त्याने ठरविले. अमेरिकेतील चर्चेसच्या संयुक्त परिषदेच्या आश्रयाखाली १९२६ मध्ये मुलांच्या जागतिक मैत्रीसाठी एक समिती काम करू लागली.

भेट म्हणून बाहुलीच का? जपानमध्ये ३ मार्चला मुलींचा सण असतो. हिनामात्सुरी हे त्याचे नाव. त्या दिवशी घरोघरी पायऱ्या-पायऱ्यांची आरास करून पारंपरिक बाहुल्या मांडतात आणि मुलींच्या सुखासाठी प्रार्थना करतात. आपली बाहुली त्या आराशीत जाऊन बसावी, अशी ग्युलिकची कल्पना होती. अमेरिकेतील शाळांनी आणि संडे स्कूलच्या वर्गांनी ती उचलून धरली. मुलांनी पैसे जमविले, बाहुल्यांची नावे ठेवली, आयांच्या मदतीने त्यांचे कपडे शिवले. लेकीला सासरी धाडावे तशा निरोपाच्या समारंभांनी त्या बाहुल्या रवाना झाल्या.

जपानमध्ये या कार्याला एक खंदा पाठीराखा लाभला. आधुनिक जपानी उद्योगांचा पाया घालणारे शिबुसावा एइइची तेव्हा वयाच्या ऐंशीच्या घरात होते. त्यांनी स्वागत समितीची धुरा उचलली. ३ मार्च १९२७ रोजी तोक्यो येथे समारंभपूर्वक बाहुल्यांचे स्वागत झाले. नंतर शिक्षण मंत्रालयाने त्या देशभरच्या बालवाड्यांना आणि प्राथमिक शाळांना वाटून दिल्या. 'निळ्या डोळ्यांची बाहुली' हे त्याआधीच लोकप्रिय झालेले बालगीत या पाहुण्यांशी कायमचे जोडले गेले.

दान घेतले की परतफेड करावी, हा जपानी रिवाज. बाहुल्या मिळालेल्या शाळांतील मुलींनी प्रत्येकी एक सेन, म्हणजे येनचा शंभरावा हिस्सा, वर्गणी दिली. त्या पैशांतून नामवंत कारागिरांकडून ५८ मोठ्या बाहुल्या घडवून घेण्यात आल्या. त्यांच्या अंगावर रेशमी किमोनो होते आणि सोबत छोटी लाकडी कपाटे, दिवे आणि चहाची भांडी होती. बहुतेकींना प्रांतांची आणि शहरांची नावे दिलेली होती. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये त्या अमेरिकेला पोहोचल्या, गावोगाव फिरल्या आणि अखेर तेथील संग्रहालयांत स्थिरावल्या.

या आनंदसोहळ्यात एक विसंगती दडलेली होती. बाहुलीला पारपत्र मिळत होते, पण ती ज्या मुलीच्या हाती पडली तिच्या बापाला अमेरिकेत जाऊन राहण्याची मुभा नव्हती. मुलांनी हात पुढे केला. मोठ्यांनी कायदा तसाच ठेवला. शिबुसावा १९३१ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी जपानी सैन्य मांचुरियात घुसले. १९४१ च्या डिसेंबरात दोन्ही देश एकमेकांशी युद्ध करू लागले.

मग या पाहुण्या शत्रूच्या हस्तक ठरल्या. १९४३ च्या फेब्रुवारीत एका मोठ्या वृत्तपत्राने, आओमोरी प्रांतातील एका शाळेत बाहुलीचे काय करावे असे मुलांना विचारल्याचे वृत्त छापले. जाळा, फोडा, अशी उत्तरे सर्वाधिक होती. ही उत्तरे त्या मुलांना कोणी शिकविली होती, हे सांगावयास नको. अनेक शाळांत मुलांच्या डोळ्यांदेखत बाहुल्या जाळल्या गेल्या, काही ठिकाणी बांबूच्या भाल्यांनी भोसकल्या गेल्या. बारा हजारांपैकी बहुतेक नाहीशा झाल्या.

परंतु सगळ्या नव्हे. कुठे एखाद्या शिक्षिकेने बाहुली कपाटाच्या तळाशी गुंडाळून ठेवली, कुठे कोणी ती छताच्या वर किंवा अडगळीच्या खोलीत दडविली. पकडले गेल्यास देशद्रोहाचा ठपका आला असता. तरीही त्यांनी हे धाडस केले आणि पुढे कित्येक वर्षे त्याविषयी अक्षर काढले नाही. १९७३ मध्ये जपानी दूरदर्शनवर गुन्मा प्रांतात वाचलेल्या अशाच एका बाहुलीची कथा दाखविली गेली. त्यानंतर ठिकठिकाणच्या शाळांत शोध सुरू झाला. आजवर तीनशेहून अधिक बाहुल्या सापडल्या आहेत.

त्याच १९४३ साली तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील हत्तींनाही, हवाई हल्ल्यात ते मोकाट सुटतील या भीतीने, मारण्याचा हुकूम निघाला आणि त्यांना उपाशी ठेवून मारण्यात आले. युद्धानंतर त्या शहरातील प्राथमिक शाळांच्या मुलांनी आम्हांला पुन्हा हत्ती पाहावयाचा आहे म्हणून भारताच्या पंतप्रधानांना पत्रे लिहिली. पंडित नेहरूंनी 'इंदिरा' नावाची हत्तीण पाठविली. ती १९४९ च्या सप्टेंबरात तोक्योला पोहोचली. ही भेट माझी नसून भारतातील मुलांनी जपानमधील मुलांना दिलेली आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी सोबत धाडले होते.

ग्युलिक १९४५ मध्ये वारला. ज्या युद्धाला टाळण्यासाठी तो झटला, ते त्याला संपूर्ण पाहावे लागले. त्याचा प्रयत्न फसला, असे म्हणणाऱ्यांना सहजासहजी खोटे ठरविता येणार नाही. अन्याय्य कायदा जागच्या जागी ठेवून मुलांच्या हातून भेटी पाठविल्याने देशांचे भांडण मिटत नाही. मैत्रीचा भार मुलांच्या खांद्यावर टाकून मोठ्यांना मोकळे होता येत नाही. पण त्या शिक्षिकेने कपाट उघडले तेव्हा तिच्यासमोर 'शत्रुराष्ट्र' नव्हते. नाव असलेली, एका दूरच्या मुलीने फ्रॉक शिवून दिलेली एक बाहुली होती. सरकारचा हुकूम तिने त्या ओळखीसाठी मोडला.

ग्युलिकचा नातू, त्याचेही नाव सिडनी ग्युलिकच, १९८० च्या दशकापासून जपानी शाळांना पुन्हा बाहुल्या पाठवू लागला. वृद्ध शिबुसावांचे चित्र २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर आहे. बाहुल्या दडविणाऱ्या बहुतेक शिक्षकांची नावे मात्र कोठेच नोंदलेली नाहीत. त्यांनी राखलेल्या बाहुल्या त्या त्या शाळांत काचेच्या कपाटात बसलेल्या आहेत आणि ३ मार्चला कित्येक ठिकाणी मुली त्यांना आजही आराशीत मानाने बसवितात.