दोन बहिणाबाई आणि एक तळटीप

वारकरी पंथ ही एक इमारत, ज्ञानदेव तिचा पाया आणि तुकोबा कळस, हे रूपक ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. पण तो अभंग कुणाचा असं विचारलं, तर हमखास उत्तर येतं, "तुकारामांचा." आता तुकोबा स्वतःच स्वतःला कळस कशाला म्हणवून घेतील? अभंग त्यांच्या शिष्येचा, संत बहिणाबाईंचा आहे. हे सांगितलं की समोरचा मान डोलावतो, "हो हो, त्या जळगावच्या ना?"

नाही. शिऊरच्या संत बहिणाबाई १६२८ ते १७०० या काळातल्या. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी १८८० ते १९५१ मधल्या. एकीच्या मृत्यूनंतर १८० वर्षांनी दुसरीचा जन्म. मोबाइलवर मात्र एकीच्या ओळींखाली दुसरीचा फोटो बिनदिक्कत फिरतो.

या दोघींच्या संसारावरच्या कवितांची तुलना करणारा एक छोटा लेख मी लिहायला घेतला. डोंबिवलीत राहण्याचा फायदा असा की एका बाजूला कल्याणचं सार्वजनिक वाचनालय, १८६४ मधलं, आणि दुसऱ्या बाजूला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ मधलं. लोकलची गर्दी सोसायची तयारी असली की झालं. वाटलं होतं, मेहनत कवितांच्या अर्थावर होईल. खरी झाली ती तळटीपांवर, आणि लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं मला तिथेच सापडलं.

अभंगाचा संदर्भ द्यायचा म्हणजे नुसतं 'अभंग क्रमांक अमुक' लिहून भागत नाही. तुकारामांचंच पाहा. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली गाथा १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून दोन खंडांत निघाली. पुढे विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा आली, देहूची आली. प्रत्येकीचे क्रमांक वेगळे. म्हणून संपादक, प्रकाशन, वर्ष आणि मग क्रमांक. हे कंटाळवाणं आहे खरं, पण नाहीतर वाचणारा भलत्याच अभंगावर जाऊन पोचतो.

गंमत म्हणजे संतांनी स्वतःच संदर्भाची सोय करून ठेवली होती. शेवटच्या चरणात नाव गुंफायचं, ती नाममुद्रा. कळसाच्या त्या अभंगाच्या शेवटीही बहिणाबाईंचं नाव आहे. पण आपण पाया आणि कळस तेवढा उचलतो, शेवटचा चरण गाळतो आणि त्याच्याबरोबर बाईचं नावही गळून पडतं. भावगीताला तर ही सोयच नाही. ठाण्याचे नगराध्यक्ष राहिलेले पी. सावळाराम घ्या. सासरी निघालेल्या लेकीवरच्या त्यांच्या गाण्यांनी किती घरं रडली असतील. लोक म्हणतात 'लताबाईंचं गाणं'. फार तर वसंत प्रभूंचं नाव निघतं.

आता संसाराकडे येऊ. संत बहिणाबाईंचं लग्न तिसऱ्या वर्षी, तिशीतल्या बिजवराशी झालं. तुकोबांना गुरू मानलं म्हणून ब्राह्मण नवऱ्याने मारहाण केली. हे सगळं त्यांनी स्वतःच्या अभंगांत सांगितलंय. जस्टिन अ‍ॅबट यांनी ते १९२९ मध्ये इंग्रजीत नेलं. चौधरींचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि तिशीत वैधव्य आलं. एकीचा नवरा आड येतो, दुसरीचा नसण्यानेच घर पोकळ होतं. दोघींना 'स्त्रीच्या दुःखाच्या कवयित्री' म्हणून एका ओळीत बसवणारे लेख मला म्हणूनच आळशी वाटतात. एक बाई गुरूकडे जायची वाट मागते आहे. दुसरी शेतात, चुलीपाशी, जात्यापाशी बसून जगण्याशी बोलते आहे.

आणि चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या गात, आणि मुलगा सोपानदेव व घरातली माणसं ते उतरवून घेत. त्या गेल्यावर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना ऐकवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' निघालं. म्हणजे आपण वाचतो ती आईच्या तोंडची बोली, मुलाच्या हातून कागदावर आलेली. संतांच्या अभंगांचंही तसंच: मध्ये हस्तलिखितांच्या नकला आहेत. शब्दाच्या एखाद्या रूपावर, एखाद्या उच्चारावर तुलनेचा मोठा डोलारा उभारायच्या आधी मधला हात कुणाचा, हे पाहावंच लागतं.

संदर्भ देण्याच्या रूढ पद्धतीत या हाताला जागा नाही. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पान, बस्स. मी चौधरींच्या प्रत्येक तळटीपेत वर्षाच्या आधी चार शब्द वाढवले: 'लेखन: सोपानदेव व कुटुंबीय'. लेख पाचशे शब्दांचा होता, त्यामुळे त्यासाठी माझी दोन विशेषणं कापावी लागली.