कुलाब्याची सुई आणि संगणकाची नाडी

एखादा सर्व्हर रात्री दोन वाजता मंदावतो आणि तंत्रज्ञ येईपर्यंत पूर्ववत चालू लागतो. मागे पुरावा उरतो तो एकच: घटनेच्या आधीपासून अखंड चालू असलेली नोंद. कमांड लाइनवरची काही साधने हेच काम करतात. ‘सार’मागील यंत्रणा सहसा दर १० मिनिटांनी प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांची स्थिती टिपते, ‘परफ’ प्रोसेसरला सेकंदाला शेकडो वेळा क्षणभर अडवून, त्या क्षणी काय चालले आहे हे नोंदवते. नोंद किती अंतराने घ्यावी, आणि नोंद घेण्यानेच मोजमाप बिघडणार नाही ना, हे त्यांच्यापुढील दोन पेच मात्र संगणकाहून जुने आहेत. मुंबईने ते एकोणिसाव्या शतकातच अनुभवले.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा स्थापन केली. १८४० च्या दशकापासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित नोंद होऊ लागली. टांगलेल्या चुंबकाचे स्थान निरीक्षक दर तासाला, रात्रीसुद्धा, डोळ्यांनी वाचत. चुंबक अस्वस्थ झाला की हे अंतर कमी करून पाच मिनिटांवर आणले जाई. (प्रवरेला पूर आला की भंडारदऱ्याची पाणीपातळी तासातासाला पाहतात, तसेच हे.) सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतील स्वयंचलित छायालेखाची रेषा कागदाबाहेर गेली. कुलाब्याच्या माणसांनी मात्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण आकड्यांत पकडली. केवळ तासातासाचे आकडे असते तर त्या दरीचा आकार हरवला असता.

१८७२ पासून कुलाब्यातही छायाचित्रण पद्धतीने अखंड रेषा उमटू लागली. पुढे शहरात विजेच्या ट्रामची योजना आली. रुळांतून जमिनीत झिरपणारा विद्युतप्रवाह चुंबकाला हलवणार, म्हणजे नोंद पृथ्वीची न राहता ट्रामची होणार, हे उघड होते. संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी समुद्रापलीकडचे अलिबाग निवडले. तेथील इमारतीत लोखंड वर्ज्य होते. दगडसुद्धा चुंबकीय नसल्याची खात्री करून घेतला गेला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंद चालू ठेवण्यात आली, म्हणून जुनी आणि नवी मालिका जोडता आली. मूस यांचे शहाणपण जागा बदलण्यापेक्षाही या दोन वर्षांत अधिक दिसते. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये.

संगणकात ट्रामची भूमिका मोजणारे साधनच वठवते. ‘एसट्रेस’ हे जुने साधन प्रोग्रामला प्रत्येक सिस्टिम कॉलपाशी थांबवते. दोष सापडतो, पण प्रोग्राम इतका मंदावतो की चालत्या कारभारावर ते सतत लावून ठेवणे परवडत नाही. १९९७ मध्ये डिजिटल कंपनीच्या संशोधकांनी संपूर्ण यंत्रावर अहोरात्र चालणारी नमुना-पद्धत मांडली, तिचा भार अवघा एक ते तीन टक्के होता. २००५ मध्ये सोलारिस १० सोबत आलेल्या ‘डीट्रेस’ने बंद असलेल्या तपासबिंदूंचा भार जवळजवळ शून्यावर आणला. ‘परफ’ लिनक्समध्ये २००९ मध्ये आले.

‘परफ’ चालवताना सेकंदाला १०० ऐवजी ९९ नमुने घेण्याची प्रथा रूढ आहे. यंत्रातले एखादे काम सेकंदाला बरोबर १०० वेळा होत असेल, तर तितक्याच वेळा पाहणाऱ्याला प्रत्येक खेपेस तेच दिसेल किंवा कधीच दिसणार नाही. रोज बारा वाजताच स्वयंपाकघरात डोकावणाऱ्याला चूल अष्टौप्रहर पेटलेली वाटावी, तसे.

मग उरतो साठवणीचा प्रश्न. मूस यांनी १८४६ ते १९०५ ची चुंबकीय आकडेवारी छापून ठेवली. १८५९ च्या त्या नोंदींच्या आधारे वादळाची तीव्रता नव्याने मांडणारा शोधनिबंध २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, प्रसिद्ध झाला. नोंद घेणाऱ्यांना हा प्रश्न ठाऊक असणे शक्यच नव्हते. संगणकाच्या तपशीलवार नोंदी इतक्या वेगाने वाढतात की त्या अनेकदा वर्तुळाकार बफरमध्ये ठेवल्या जातात आणि जुन्यावर नवी चढत राहते. बिघाड होताच कोणी ती गोठवण्याची आज्ञा दिली नाही, तर रात्री दोनची नोंद सकाळपर्यंत पुसली गेलेली असते.