बगळ्याच्या बिल्ल्याची सायकल

जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातले बाजाराचे गाव. तेथे एका ओळखीच्या घरी माळवदाच्या तुळईला दोरीने टांगलेली एक काळी रॅले सायकल आहे. रझाकारांच्या काळात, म्हणजे १९४७-४८ साली, आजोबा याच सायकलीवरून वऱ्हाडातल्या शिबिराकडे चिठ्ठ्या नेत, असे घरात सांगतात. मध्यंतरी पुण्याचा एक हौशी खरेदीदार आला. किंमत बरी बोलला, पण मागच्या हबवरचा ‘५१’ हा आकडा दाखवून म्हणाला, “सायकल १९५१ ची दिसते. मग ४८ ची गोष्ट कशी?” घरातली मंडळी गप्प झाली. पैशाचे राहू द्या, आजोबांच्या शब्दावरच प्रश्न आला होता. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक, म्हणून निरोप मला आला.

आधी थोडी पार्श्वभूमी. फ्रँक बाउडन यांनी इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरचा छोटा कारखाना हाती घेऊन १८८८ साली रॅले कंपनी उभी केली. बगळ्याचे चित्र ही तिची खूण. निजामाच्या राज्यात असा परदेशी माल करोडगिरी, म्हणजे तिथली जकात, भरून येई आणि दाम हाली सिक्क्यात मोजले जाई. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार रुपये. स्वातंत्र्यानंतर देशातच कारखाने निघाले. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, सोनिपतला ॲटलस. त्यामुळे ‘रॅले’ हे नाव नॉटिंगहॅमचेही असू शकते आणि आसनसोलचेही. शिवाय बिल्ला म्हणजे दोन रिव्हेटांनी बसवलेला पत्रा. तो कोणत्याही नळीवर चढतो.

ट्रंकेतून एक पावती निघाली. रक्कम हालीत होती, तारखेचा कोपरा वाळवीने खाल्लेला. मला क्षणभर आनंद झाला, पण तो टिकला नाही. पोलीस ॲक्शननंतरही काही वर्षे हाली चालतच होते. म्हणजे पावतीने १९४८ च्या आधीचे काही सिद्ध होत नव्हते.

मग गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्या चाचांना बोलावले. ते म्हणाले, “सर, बिल्ला पाहू नका, आटे पाहा.” पेडलचा एक्सल ज्या नळकांड्यातून जातो, तिथला कप त्यांनी काढला आणि बाजारात मिळणारा साधा कप लावून पाहिला. एखादा फेरा गेला आणि अडला. कारण असे की इतर बहुतेक इंग्रज कारखाने त्या जागी इंचाला २४ आटे पाडत, रॅले मात्र २६ पाडी. बिल्ला बदलता येतो, पण आतले आटे फसवणुकीसाठी कोण बदलत बसेल? सांगाडा रॅले घराण्याचा होता. बिल्ल्यावर नॉटिंगहॅम, इंग्लंड असे होते आणि त्याच्या मागे रिव्हेटांची दुसरी भोके नव्हती. चिमटा मात्र बदललेला. रॅलेच्या चिमट्याला खांद्याशी नळीसारखी गोल घडण असते, इथे सपाट होती. सांगाड्यावरच्या नंबरावरून साल ठरवणे तर रॅलेच्या बाबतीत भरवशाचे नाहीच.

राहिला तो ‘५१’. तीन गिअरचा हब स्टर्मी-आर्चर कंपनीचा, आणि ती हबच्या कवचावर बनावटीचे साल उठवी. पण ते साल हबचे, सायकलीचे नव्हे. चाचांनी गिअरच्या तारेची कप्पी धरणारी पट्टी सोडवली. ती पहिल्यापासून असती तर तिच्याखालचा रंग उन्हापावसापासून वाचून चकचकीत काळा राहिला असता. प्रत्यक्षात तिथेही तो बाकी नळीइतकाच विटलेला होता, गंजाचे ठिपकेही तसेच. म्हणजे सांगाडा वर्षानुवर्षे वापरल्यावर हा हब बसवला गेला. खेड्यातली सायकल अशीच जगते. चाक गेले की चाक, चिमटा वाकला की चिमटा. याला मी बनावट म्हणणार नाही.

अमेरिकेत १९८० च्या दशकाअखेरीस टायटॅनियमच्या डोंगरी सायकली निघाल्या. त्यांच्या जुन्या सांगाड्यांना आज शौकीन मोठी किंमत देतात आणि तिथेही हाच घोळ आहे. नावाचे स्टिकर नवे छापून मिळते. लोहचुंबक चिकटत नाही, पण तो ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, म्हणून वजनही पाहावे लागते. टायटॅनियम पोलादाच्या साधारण पावणेसहा दशांश भरते, ॲल्युमिनियम त्याहून बरेच हलके. तापलेले टायटॅनियम हवा सोसत नाही, म्हणून जोड आर्गॉन वायूच्या आवरणात द्यावे लागतात; जाणकार त्या जोडांची वळी पाहूनच कारागिरी ओळखतात. त्यातही काही कारखाने दुसऱ्यांच्या नावाने सांगाडे करून देत, त्यामुळे ‘खरा कोणाचा’ याला कधी कधी दोन उत्तरे असतात. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय २०१७ साली सुरू झाले. जुनी सायकल घेण्याआधी तिथे एक चक्कर मारून डोळा तयार करावा, असे मी खरेदीदारांना सुचवीन.

घरच्या मंडळींना मी कागदावर लिहून दिले: सांगाडा रॅलेचा, बिल्ला जागचा, चिमटा दुसरा, हब नंतरचा, सायकल १९५१ चीच असे हबवरून ठरत नाही, ती १९४८ च्या आधीची असल्याचा पुरावाही नाही. आजीबाई म्हणाल्या, “मग ह्यांनी सांगितलेलं खोटं तर नाही ना?” मी म्हटले, सायकल तरी तसे म्हणत नाही. खरेदीदाराला तोच कागद दाखवला. त्याने किंमत खाली आणली. चाचांनी कप पुन्हा घट्ट बसवला, मजुरी घेतली नाही, आणि सायकल परत तुळईला गेली.